दर वेळी कोण वाकतं?

गाणं ऐकताना आपण एक गोष्ट न विचारता मान्य करून टाकतो. ही सगळी माणसं एका खोलीत बसून गात-वाजवत आहेत, असं धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. गायिकेने मुंबईत गायलेलं असतं, बासरी चेन्नईहून आलेली असते, गिटार कुणीतरी रात्री दोन वाजता हॉस्टेलच्या खोलीत वाजवून पाठवलेली असते. ही माणसं एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. तरी कानाला ती शेजारी शेजारी बसलेली वाटतात, कारण मिक्सिंग करणाऱ्याने त्यांना तसं बसवलेलं असतं.

मी हे बसवण्याचं काम करते. पुण्यात, घरातल्याच एका खोलीत, भिंतींवर जुन्या गोधड्या टांगून. हे काम ढोबळमानाने दोन तऱ्हांनी करता येतं. सॉफ्टवेअरच्या पडद्यावर दोन्ही तऱ्हा जवळपास सारख्याच दिसतात. अनेक ट्रॅक असतात आणि त्या सगळ्यांमधून निघालेल्या वाटा एकाच ठिकाणी जाऊन मिळतात. त्या ठिकाणाला ‘बस’ म्हणतात. पण आत गेल्यावर या दोन बसचा स्वभाव इतका वेगळा निघतो, की त्यांच्यामुळे मला घर, वर्ग आणि भाषा यांच्याबद्दलचा एक जुना प्रश्न नीट मांडता यायला लागला. माणसं एकत्र येतात तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं?

एकच न्हाणीघर

आधी पहिली तऱ्हा. 1947 साली शिकागोत बिल पटनम नावाचा ध्वनिमुद्रक ‘हार्मोनिकॅट्स’ या तिघांच्या चमूचं ‘पेग ओ माय हार्ट’ मुद्रित करत होता. आवाजाला घुमारा हवा होता. त्याने स्टुडिओचं बाथरूम वापरलं. एका स्पीकरमधून आवाज तिथे सोडायचा, फरशांवर आपटून तो घुमला की माइकने परत घ्यायचा आणि मूळ आवाजात हवा तेवढा मिसळायचा. रेकॉर्डिंगमध्ये कृत्रिम घुमारा, म्हणजे रिव्हर्ब, कलात्मक हेतूने वापरल्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांत हे गाणं मोजलं जातं.

1957 मध्ये जर्मनीतून ‘ईएमटी 140’ हे यंत्र आलं. लाकडी पेटीत टांगलेला मोठा पोलादी पत्रा, आवाजाने तो थरथरायचा आणि त्या थरथरीतून घुमारा मिळायचा. पेटीचं वजन अडीचशे किलोंहून जास्त. असं धूड एखाद्या स्टुडिओत एक असे, फार तर दोनतीन. प्रत्येक वाद्याला स्वतंत्र पत्रा मिळणं शक्यच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक आवाजाची एक प्रत त्या एकाच पत्र्याकडे पाठवायची, ही पद्धत रूढ झाली. कुणाची प्रत किती पाठवायची, हे ठरवायला मिक्सरवर एकेक बटण असे. त्याचं नाव ‘सेंड’.

आज माझ्या लॅपटॉपमध्ये ते बटण तसंच आहे. एबलटन लाइव्हमध्ये त्या सामाईक जागेला ‘रिटर्न ट्रॅक’ म्हणतात, लॉजिकमध्ये ‘ऑक्स’. रीपरमध्ये तर कुठलाही ट्रॅक कुठल्याही ट्रॅकला आपली प्रत पाठवू शकतो. खरं तर आता टंचाई उरलेली नाही. पन्नास ट्रॅक असतील तर पन्नास वेगळे रिव्हर्ब लावता येतात, बऱ्यापैकी लॅपटॉप तेवढं सहन करतो. तरीही आम्ही सगळ्यांना एकाच रिव्हर्बकडे पाठवतो. प्रत्येकाचा घुमारा निराळा असला की कानाला कळतं, की हा देवळात आहे, तो जिन्यात आहे आणि ती कपाटात. घुमारा एक झाला की सगळे एका छताखाली येतात.

म्हणजे जे वाटून घेणं परवडत नाही म्हणून सुरू झालं होतं, ते परवडायला लागल्यावरही टिकलं. चाळीतला सामाईक नळ असा टिकला नाही. घरोघरी नळ आला आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, ते योग्यच होतं, कारण त्या नळावर एकीचा हंडा भरत असताना दुसरी थांबलेली असायची. रिव्हर्बच्या बाबतीत तसं होत नाही. का होत नाही, ते पुढे.

बेरीज आधी की नंतर

समजा, दहा ट्रॅक आहेत. प्रत्येकाला वेगळा पण अगदी एकसारखा रिव्हर्ब लावला आणि मग दहा उत्तरांची बेरीज केली. आता दुसरीकडे दहा ट्रॅकची आधी बेरीज केली आणि त्या बेरजेला एकच रिव्हर्ब लावला. बारीकसारीक फरक सोडले तर उत्तर एकच येतं. गणितात याला रेषीय वागणूक म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं, तर त्या खोलीत दुसरं कोण आहे याने तुमच्या घुमाऱ्यात काहीही फरक पडत नाही. ढोल वाजत असो वा नसो, तंबोऱ्याला जेवढा घुमारा मिळायचा तेवढा मिळतोच. मोठ्याचा आवाज लहानाला झाकून टाकेल, ते निराळं. पण खोली मात्र लहानाच्या वाट्यातलं काही काढून घेत नाही.

पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञाने 1954 साली अशाच गोष्टींबद्दल एक प्रसिद्ध निबंध लिहिला होता. एकाने वापरल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्यात घट होत नाही, अशा वस्तूंचा खर्च समाजाने कसा उचलावा, हा त्याचा विषय. रस्त्यावरचा दिवा मला दिसला म्हणून तुम्हाला कमी दिसत नाही. मराठीत मी बोलले म्हणून तुमची मराठी संपत नाही. असं एकत्र असणं स्वस्त असतं. त्यात कुणाला काही सोडावं लागत नाही, म्हणून त्यात भांडणही नसतं. एकोप्याबद्दल बोलताना आपल्या मनात बहुतेक वेळा हेच चित्र असतं. मोठा मांडव, सगळ्यांना जागा, कुणाचं कुणाला ओझं नाही.

डिंक

दुसऱ्या तऱ्हेची बस या चित्रात बसत नाही. तिथे आवाजाची प्रत जात नाही, अख्खा आवाजच त्या वाटेने जातो. आणि त्या वाटेवर कॉम्प्रेसर बसलेला असतो.

कॉम्प्रेसरचं काम आवाज ठरावीक मर्यादेबाहेर गेला की खाली ओढणं. अनेक ट्रॅक एकत्र करून त्यांच्यावर एकच कॉम्प्रेसर लावला की ते एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. या परिणामाला इंग्रजीत ‘ग्लू’ म्हणतात, म्हणजे डिंक. एबलटन लाइव्हमध्ये तर एका उपकरणाचं नावच ‘ग्लू कॉम्प्रेसर’ आहे.

हा डिंक कशाचा बनलेला असतो ते आकड्यांत पाहू. डिजिटल मोजपट्टीवर शून्य म्हणजे कमाल, त्यामुळे बाकीचे आकडे उणे असतात. समजा, मर्यादा उणे 18 डेसिबलला ठेवली आणि प्रमाण चारास एक. म्हणजे मर्यादेच्या वर चार डेसिबल गेलात तर एकच डेसिबल वर राहू देणार. आता एक बाई उणे 20 वर गातेय. ती मर्यादेच्या आत आहे. एकटी असती तर कॉम्प्रेसरने तिला हातही लावला नसता. तेवढ्यात शेजारी पखवाजाची थाप पडते, साधारण उणे 10 ची. ती मर्यादेच्या आठ डेसिबल वर आहे, तिला दोनच वर राहू द्यायचंय, म्हणून कॉम्प्रेसर सहा डेसिबल कापतो. पण कापताना तो कुणाचं कापायचं हे बघत नाही. त्याच्यापर्यंत पोचलेला आवाज एकच, बेरीज झालेला. त्यामुळे पखवाजाबरोबर त्या बाईचेही सहा डेसिबल जातात. सहा डेसिबल म्हणजे आवाजाच्या लहरीची उंची निम्मी होणं.

इथे दोन गोष्टी घडल्या. वर्गात एक जण बोलला म्हणून अख्ख्या वर्गाला उभं करावं, तसं तिने जे केलंच नव्हतं त्याची कपात तिच्या वाट्याला आली. आणि दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. नियम सगळ्यांना सारखा होता. दोघांचेही सहाच डेसिबल गेले. पण पखवाज उणे 16 वर आला आणि तिथेही तो दणदणीत ऐकू येतो. बाई उणे 26 वर गेली, आणि तिथे टाळ आहेत, पेटी आहे, त्या गर्दीत ती हरवते. कपात सारखी झाली, नुकसान सारखं झालं नाही.

हे ज्याने घरात पाहिलं नाही असा माणूस विरळा. दारात बाबांच्या चपलांचा आवाज आला की टीव्ही लहान होतो, बहिणीचं हसणं थांबतं, स्वयंपाकघरातलं बोलणं कुजबुजीवर येतं. बाबा रागावलेले असतातच असं नाही. ते फक्त मोठ्याने बोलतात. ते बाहेर पडले की आवाज हळूहळू वर येतात, लगेच नाही. कॉम्प्रेसरलाही हे दोन वेळ ठरवून द्यावे लागतात : किती चटकन दाबायचं आणि दाब किती सावकाश सोडायचा. पहिल्याला ‘अटॅक’ म्हणतात, दुसऱ्याला ‘रिलीज’. काही घरांचा रिलीज फार लांब असतो.

नऊ आवाज आणि एक पखवाज

मागे माझ्याकडे एका भजनी मंडळाचं काम आलं होतं. नऊ बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. माझ्या खोलीत नऊ जणी मावणं अशक्य, म्हणून एकेकीचा आवाज वेगळा घेतला. पेटी आणि टाळ दुसऱ्या दिवशी, आणि पखवाज वाजवायला त्यांच्यातल्या एकीचा भाचा आला, त्याचा दिवस तिसरा. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, त्यामुळे त्या बाजूचा नाद खोल, खर्जातला निघतो. खर्जात ऊर्जा पुष्कळ असते. कानाला तो फार मोठा वाटतोच असं नाही, पण कॉम्प्रेसरला वाटतो.

चौघीजणी कच्ची जुळणी ऐकायला आल्या. तिच्यात सगळे ट्रॅक एकाच डिंकात होते. पहिला अभंग संपल्यावर एक काकू म्हणाल्या, “ओळीचं पहिलं अक्षर कुठं गेलं गं? दर वेळेला तेवढंच गायब होतंय.” कारण उघड होतं. ओळ समेवर सुरू होत होती आणि पखवाजाची खोल थापही समेवरच होती. मी ते सांगायच्या आत त्यांच्या शेजारच्या आजी बोलल्या, “मीच हळू म्हटलं असेल. माझा आवाज आता राहिलाय कुठं.”

मी त्यांच्या ट्रॅकचं ‘सोलो’ बटण दाबलं. या बटणाने बाकीचे सगळे गप्प होतात आणि एकच आवाज उरतो. आजींचं पहिलं अक्षर स्वच्छ होतं, भरलेलं होतं. त्या जरा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तुझ्या डब्यातच काहीतरी आहे.”

डब्यातच होतं. त्या भाच्याने छान वाजवलं होतं, जोर हवा तिथेच दिला होता. आपल्या थापेखाली कुणाचं अक्षर जातंय हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. आणि जिचं अक्षर जात होतं, तिने दोष स्वतःकडे घेतला होता. दाबणाऱ्याला दिसत नाही आणि दबणाऱ्याला वाटतं आपणच हळू बोललो. मधली व्यवस्था कुणाच्याच लक्षात येत नाही, कारण ती सगळ्यांना सारखाच नियम लावत असते.

मराठीच्या मांडवाबद्दल मी वर म्हटलं, की तिथे कुणाचं कमी होत नाही. ते अर्धंच खरं आहे. भाषा रिव्हर्बसारखी असते, पण तिच्या वाटेवर ‘प्रमाण’ नावाचा कॉम्प्रेसरही बसवलेला असतो. अहिराणी किंवा वऱ्हाडी वळणाने बोलणारा मुलगा पुण्याच्या कॉलेजात येतो आणि पहिल्या महिन्यात त्याचा आवाज खाली जातो. त्याला कुणी गप्प बस म्हटलेलं नसतं. विचारलं तर तो सांगतो, “माझं मराठी शुद्ध नाहीये ना.” आजी काय म्हणाल्या होत्या, ते आठवतं.

मग डिंकच नको?

इथवर आल्यावर सोपं उत्तर समोर दिसतं. कॉम्प्रेसर काढून टाकावा, सगळ्यांना फक्त एका रिव्हर्बमध्ये ठेवावं. छत एक, बाकी ज्याचं त्याच्यापाशी.

तसं करून ऐकलं. नऊ आवाज एका सभागृहात होते, पण ते मंडळ नव्हतं. स्टेशनवरच्या प्रतीक्षागृहात माणसं एकाच पंख्याखाली बसलेली असतात, तसं ते वाटत होतं. कुणाचा कुणाला त्रास नाही आणि कुणाचा कुणाशी संबंधही नाही. एकीने आर्त सूर लावला तरी दुसरीच्या आवाजात काही हलत नव्हतं.

प्रत्यक्ष भजनात असं होत नाही. एकीने वरचा सूर घेतला की बाकीच्या नकळत खाली येतात, तिला जागा देतात. मग ती थांबते आणि दुसरी पुढे येते. ज्या संबंधात माझ्या असण्याने तुमचं काहीच कमी-जास्त होत नाही, त्याला मी सोबत म्हणणार नाही. मैत्रीत, लग्नात, नाटकाच्या ग्रुपमध्ये माणसं एकमेकांसाठी वाकतात, आणि डिंक त्या वाकण्यातूनच तयार होतो. म्हणून जिथे कुणालाच काही सोडावं लागत नाही असा एकोपा मला आता पुरेसा वाटत नाही. दिवा, रस्ता, वाचनालय यांच्यासाठी तो ठीक आहे. घरासाठी आणि मंडळासाठी कमी पडतो.

आणखी एक उपाय नेहमी सुचवला जातो. आजींचाच आवाज वाढवावा. आपल्याकडे दबलेल्या माणसाला हाच सल्ला मिळतो : तू जरा मोठ्याने बोल. तो आवाज वाढवून पाहिला की कळतं, तोही मर्यादेवर आदळतो, कॉम्प्रेसर आणखी कापतो, मग टाळ कमी वाटतात, ते वाढवावे लागतात. सगळे ओरडतात आणि सगळे सपाट होतात. टीव्हीवरची चर्चा ऐकली असेल तर हा परिणाम तुमच्या ओळखीचा असेल.

म्हणून माझ्यापुरता प्रश्न बदलला. कुणी वाकावं का, हे विचारण्यात अर्थ नाही, वाकावं लागणारच. विचारायचं ते हे, की दर वेळी तोच माणूस वाकतो का? आणि जो वाकतो, त्याच्यासाठी कधी कुणी वाकतं का?

हा प्रश्न सॉफ्टवेअरला विचारता येतो, आणि त्याची उत्तरंही तिथे आहेत. अनेक कॉम्प्रेसरना सांगता येतं, की तू खर्ज ऐकू नकोस. खर्ज आवाजात राहतो, फक्त तो सगळ्यांना दाबण्याचं कारण ठरत नाही. म्हणजे मोठ्याचा आवाज तसाच ठेवूनही, नियमाने कान कुठे लावायचा ते बदलता येतं. किंवा मूळ आवाज शाबूत ठेवून त्याची फक्त एक प्रत कॉम्प्रेसरकडे पाठवता येते, म्हणजे समूहासाठी वाकलं तरी आपलं न वाकलेलं रूप शिल्लक राहतं.

मंडळासाठी शेवटी जे जुळलं ते असं. नऊ आवाजांची एक बस, तिच्यावर हलका डिंक, जेमतेम दोन डेसिबलचा. पखवाज त्या बसच्या बाहेर. पेटीवर वेगळा कॉम्प्रेसर, आवाज आले की ती थोडी मागे सरते आणि ओळ संपली की पुन्हा पुढे येते. आणि मग सगळ्यांची एकेक प्रत त्याच एका रिव्हर्बकडे. आता त्या नऊ आवाजांच्या बसवरचा काटा पाहिला तर तो हलतोच, पण हलवणारी दर वेळी वेगळी असते. एका ओळीला काकूंमुळे आजी किंचित खाली जातात. पुढच्या ओळीत आजींचा सूर चढतो आणि आठजणी त्यांच्यासाठी सरकतात.

कॉम्प्रेसरवरचा तो काटा एकूण किती दाब पडला, तेवढंच सांगतो. दाब कुणामुळे पडला आणि कुणाला लागला, हे त्यावर दिसत नाही. घराच्या, वर्गाच्या, ऑफिसच्या काट्यावरही दिसत नाही. “आमच्यात सगळं छान आहे, कुणी भांडत नाही,” असं कुणी म्हटलं की मला तो स्थिर काटा दिसतो. तुमचा फॅमिली ग्रुप उघडून पाहा. एका काकांचा लांबलचक मेसेज येतो आणि पुढचे दोन तास फक्त हात जोडलेले इमोजी. भांडण नाही, हे खरंच आहे.

अशा वेळी सोलो बटण उपयोगी पडतं. जो गप्प झालाय, त्याला बाकीचे नसताना एकदा ऐकायचं. ग्रुपवर नाही, वेगळा फोन करून; सगळ्यांसमोर नाही, जिन्यात उभं राहून. कदाचित तो खरंच हळू बोलत असेल. पण कदाचित त्याचं पहिलं अक्षर अगदी स्वच्छ असेल. तसं निघालं, तर त्याला मोठ्याने बोलायला सांगण्याआधी डबा उघडून बघावा लागेल.